वेसेलचा दिवा, ओनालेनाची सुई

ओनालेना मोदिसेला वेसेल बादेनहोर्स्टपासून सुटका हवी होती, आणि त्यासाठी आधी त्याच्याबरोबर तिसऱ्यांदा पाण्याखाली जाणं भाग होतं.

हा नियम पेरुमाळ मॅमचा. त्यांनी लॉडियमच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर घाबरवायला मुलं उरली नाहीत, म्हणून त्यांनी ब्रिट्सजवळच्या स्वार्तखाट दगडखाणीत मोठ्या माणसांना पाण्याखाली पोहायला शिकवायचा क्लब काढला. खाण बंद पडून पाण्याने भरली त्याला चाळीस वर्षं झाली होती. समुद्र सहाशे किलोमीटरवर. त्यामुळे आसपासच्या लोकांना बुडून बघायची हौस आली की ते इथे यायचे.

नियम असा, की ज्याच्याकडे म्होरक्याचं कार्ड नाही त्याने जानेवारीत मॅम लावून देतील त्याच जोडीदाराबरोबर उतरायचं. कार्ड मिळालं की जोडीदार आपल्या मर्जीचा. कार्डाची परीक्षा जोडीने द्यायची. पास तर दोघं, नापास तर दोघं. वर्षात तीन संधी. तिन्ही गेल्या तर पुढचं वर्षभर तीच जोडी.

"निदान लग्नात तरी सासरचे कधीमधी जेवायला बोलावतात," ओनालेना मॅमना म्हणाली होती.

"भांडण सासरच्यांशी होतं, जोडीदाराशी नाही. म्हणून लग्नं टिकतात," मॅम म्हणाल्या होत्या आणि तिचं नाव वेसेलसमोर लिहून मोकळ्या झाल्या होत्या.

ओनालेना एकतीस वर्षांची, रुस्टेनबर्गकडच्या प्लॅटिनमच्या खाणीत सर्वेअर. जमिनीखाली कुठला बोगदा कुठे निघेल हे ती बोटभर चुकू न देता सांगायची. वेसेल छप्पन्न वर्षांचा, ब्रिट्समध्ये त्याचं गॅरेज. कुठलीही वस्तू दुकानातून विकत आणणं हा त्याला स्वतःचा अपमान वाटायचा.

पहिली परीक्षा मार्चमध्ये झाली. तेव्हा होकायंत्र ओनालेनाकडे होतं, आणि चूक पूर्णपणे तिची होती. होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत त्या भागात अठरा अंशांचा फरक आहे, हे सर्वेअरच्या रक्तातच असतं. मॅमनी दिलेल्या दिशेतून तिने सवयीने अठरा वजा केले. मॅमनी ती दिशा तसल्याच होकायंत्राने घेतली होती, वजा करायला काही नव्हतंच. दोघं धक्क्याऐवजी पलीकडच्या काठावर, बोरूच्या झाडीपाशी वर आले. तिथे एका चर्चचा बाप्तिस्मा चालू होता. कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या पाद्र्याने नुकतंच चौथ्या माणसाला बुडवून काढलं होतं. पाचवा म्हणून पाण्यातून वेसेलच वर आला. पाद्र्याने काही न विचारता त्याला धरला आणि तीन वेळा बुडवला. दर वेळी वेसेल काहीतरी सांगत होता, पण तोंडात नळी होती. काठावरच्या बायकांनी फार गोड गाणं म्हटलं.

वेसेल आपल्या चर्चच्या पंचांपैकी एक होता. पुढच्या बैठकीत त्याला आता नेमक्या कुठल्या यादीत धरायचं यावर दीड तास चर्चा झाली. त्या दिवसापासून त्याने ओनालेनाला नावाने हाक मारली नाही.

दुसरी परीक्षा मे महिन्यात. तेव्हा होकायंत्र वेसेलकडे होतं, त्याने स्वतः बनवलेल्या पट्टीवर. ही पट्टी हाताच्या मागच्या बाजूला बांधायची. तिच्यावर पुढे दिवा, मागे होकायंत्र. एका नजरेत उजेडही दिसतो आणि दिशाही. क्लबातल्या अकरा जणांनी त्याच्याकडून अशा पट्ट्या करून घेतल्या होत्या. एरवी लोक सहसा तळाला बांधलेल्या दोरीवरून जायचे, पण परीक्षेत दोरी नसते. वेसेलने पट्टीकडे बघत बघत तिला चाळीस मिनिटं फिरवलं, आणि वाटेतली एकही ठरलेली जागा न सापडता दोघं निघाले होते तिथेच परत आले. त्याचं म्हणणं, ही मागून पायातली फिन मारून मला वळवत होती. तिचं म्हणणं, या माणसाला सरळ रेषा म्हणजे काय ते ठाऊक नाही. मार्चची चूक तिची होतीच, त्यामुळे लोकांनी वेसेलवर विश्वास ठेवला.

आता ऑगस्ट. वारा धूळ उडवत होता आणि पाणी तेरा अंशांवर. धक्क्यावर वेसेल पट्टीचे स्क्रू आवळत बसला होता.

"सर्वेअरबाई, आज वजाबाकी घरी ठेवून आलीस ना?"

"हो मेनीर," ओनालेना वेसेलच्या भाषेतलं 'साहेब' वापरून म्हणाली. "तुमची पट्टीही घरी राहिली असती तर बरं झालं असतं."

"पट्टीला नावं ठेवू नकोस. अकरा जण वापरतात."

"अकराच्या अकरा जण हरवतात."

"त्यांचे जोडीदार वाईट आहेत."

मॅम थर्मास आणि लोकरीची टोपी घेऊन नावेत चढत होत्या. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

"बादेनहोर्स्ट, पट्टीवरून होकायंत्र काढा. मोदिसे, ते तुझ्या मनगटावर बांध. दिवा यांच्याकडे, दिशा तुझ्याकडे. खाली अंधार आहे, म्हणजे दिव्याशिवाय तुला वाचता येणार नाही आणि दिशेशिवाय यांना हलता येणार नाही."

"मॅम, हे सर्कशीत करतात," वेसेल म्हणाला.

"सर्कशीत सराव करतात. बाकीचे दिवे इथे ठेवा. खिशातला छोटा दिवा अडचणीसाठी. तो पेटला की परीक्षा संपली."

मार्ग त्रिकोणी होता. धक्क्याच्या खांबापासून एकशेचाळीस अंशांवर बुडवलेली शाळेची बस, तिथून दोनशेसाठवर न्हाणीचा टब, टबापासून वीस अंशांवर परत खांब. बस आणि टब या दोन्ही ठिकाणी मॅमनी फरशीवर एकेक आकडा रंगवून ठेवला होता. ते आकडे घेऊन खांबापाशीच वर यायचं.

"वर आल्यावर मी कोणाबरोबर पोहणार आहे माहितीये?" वेसेल तोंडात नळी घालण्याआधी म्हणाला. "कोणाहीबरोबर."

"माझीही तीच यादी आहे," ओनालेना म्हणाली.

सहा मीटरपर्यंत पाणी शेवाळी हिरवं होतं. त्याखाली कोणीतरी झाकण लावल्यासारखा अंधार. चौदा मीटरवर तळ लागला. वेसेलने दिव्याचा हात पुढे केला, ओनालेनाने मनगट त्याच्या उजेडात धरलं, एकशेचाळीस लावलं आणि पाय, म्हणजे पायाचा एकेक फटका, मोजत निघाली.

वेसेलचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. तो तिच्या खांद्याला खांदा लावून, दिवा थेट होकायंत्राच्या डोक्यावर धरून पोहत होता. मार्चसारखी वजाबाकी करताना तिला रंगेहाथ पकडायचं होतं. ती सुई खुणेवर ठेवून जात राहिली. वीस पाय झाले, चिखलात रुतलेला एक टायर लागला, त्याच्यावर पिवळा पट्टा. पन्नास पायांनंतर पिवळ्या पट्ट्याचा टायर लागला. ऐंशीनंतर पुन्हा पिवळ्या पट्ट्याचा टायर.

ओनालेना थांबली. कंबरेची पाटी काढून तिने लिहिलं, "आपण गोल फिरतोय."

वेसेलने आपल्या पाटीवर लिहिलं, "तू फिरवतेस."

"लांब व्हा. नीट बघू द्या."

"तू लांब हो. मी दिवा आहे."

याला उत्तर देण्यात हवा घालवण्यात अर्थ नव्हता. तिने हाताने त्याला ढकललं. तो फुरंगटून दोन मीटर मागे गेला आणि हाताची घडी घालून तरंगत राहिला. दिवा काखेत गेला, उजेड वेडावाकडा पडला, पण तेवढ्यात तिला सुई दिसली. सुई एकशेचाळीसवरून सरकत सरकत शंभरवर जाऊन थांबली होती. ओनालेना जागची हलली नव्हती.

तिने वेसेलला बोटाने जवळ बोलावलं. सुई एकशेचाळीसवर. तिने हाताने मागे जा म्हटलं. सुई शंभरवर. पुन्हा जवळ. पुन्हा मागे. चौथ्या वेळी वेसेलने लिहिलं, "मी कुत्रा नाही."

ओनालेनाने होकायंत्र त्याच्या मास्कसमोर धरलं. मग त्याचा दिव्याचा हात मनगटाला धरून हळूहळू डावीकडे नेला. सुई डावीकडे गेली. उजवीकडे नेला. सुई उजवीकडे आली. तिने त्याचा हात होकायंत्राभोवती गोल फिरवला, आणि सुई भुकेल्या मांजरासारखी त्याच्या मागे मागे गोल फिरली. आपण होऊन वेसेलच्या मागे जाणारं काही ओनालेनाने पहिल्यांदाच बघितलं.

वेसेलने हात सोडवून घेतला. त्याने पट्टी डोळ्यांजवळ आणून पाहिली, जणू ती आत्ता कुणीतरी बांधली होती. दिव्यात पाणी शिरू नये म्हणून बटणासाठी भोक न पाडता बाहेरून सरकवायचा लोहचुंबक लावायचा, ही त्याचीच कल्पना. जुन्या मिनीबस टॅक्सीच्या स्पीकरमधला भला दांडगा लोहचुंबक बसवायचा, हीही त्याचीच. वर रंग मारला होता, त्यामुळे तो इतरांना दिसत नसे. त्याच्या अगदी शेजारी होकायंत्र बसवायचं, याचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता.

मास्कच्या काचेआड त्याचे डोळे काही मोजत होते. ओनालेनाला कळलं, तो अकरापर्यंत मोजतोय.

तिने लिहिलं, "दीड हातापेक्षा जवळ यायचं नाही. मागून, वरून, खांद्यावरून उजेड."

त्याने मान हलवली. त्याच्या आयुष्यात बाईमाणसाच्या सूचनेला दिलेला हा पहिलाच होकार असावा.

ओनालेनाने टायरपासून वीस पाय मागे जाऊन खांब शोधला आणि पुन्हा सुरुवात केली. वेसेल तिच्या मागे, दोन मीटर वर, दिव्याचा हात लांब करून. उजेडाचं वर्तुळ तिच्या मनगटावर असं स्थिर पडलं होतं की ती दचकली. त्याला सुटका हवी होती, आणि सुटका हवी असलेला माणूस किती नेटाने काम करतो हे तिला स्वतःवरून माहीत होतं. साठ पायांवर बस समोर उभी राहिली. चालकाच्या जागेवर फरशी, तिच्यावर सत्तेचाळीस. तिथून दोनशेसाठवर वळून अठ्ठावन्न पायांवर टब. टबात कुणीतरी कपड्याच्या दुकानातला पुतळा टाय लावून बसवला होता. त्याच्या मांडीवर फरशी, तिच्यावर बारा.

आता फक्त एक टप्पा राहिला होता. ओनालेनाने वीस अंश लावले आणि उजेडाची वाट बघितली. उजेड तिच्या मनगटावर न येता वेसेलच्या पाटीवर गेला.

"वर कोणाला सांगणार?"

तिने लिहिलं, "सगळ्यांना."

त्याने पुसलं, लिहिलं, "अकरा लोक रोज गॅरेजमध्ये येतील."

"येऊ देत. वर्षभर चुकीच्या दिशेने गेलेत ते."

तो बराच वेळ लिहीत होता. मग पाटी तिच्यासमोर धरली. "गप्प राहीन असं लिही. नाहीतर दिवा बंद."

ओनालेनाने त्याच्याकडे बघितलं. दिवा बंद म्हणजे दोघंही नापास. दोघंही नापास म्हणजे पुढच्या डिसेंबरपर्यंत दर शनिवारी हा माणूस. वेसेललाही ते कळत होतं. पण वेसेल पाण्यापेक्षा गॅरेजमध्ये जास्त वेळ राहत होता.

तिने हवेचा काटा बघितला. टाकीत दोनशेपैकी सत्तर उरली होती. त्याची याहून कमीच असणार. तो जास्त श्वास घेतो, आणि रागात त्याहून जास्त. तिने पेन्सिल उचलली. "गप्प राहीन" लिहायला चार सेकंद लागले असते, आणि वर जाऊन शब्द मोडायला दोन. पण मग मार्चनंतर तो तिच्याबद्दल बोललेलं प्रत्येक वाक्य खरं ठरलं असतं. आणि शब्द पाळायचा म्हटला तर मेची फेरी कायमची तिच्याच नावावर राहिली असती.

तिने लिहिलं, "नाही."

दिवा गेला.

खाणीतला अंधार तिला नवा नव्हता. जमिनीखाली टोपीवरचा दिवा विझला की आधी श्वास मोजायचा, मग भिंत शोधायची. इथे भिंत नव्हती. डावीकडून वेसेलचे बुडबुडे ऐकू येत होते, घाईघाईचे. तो वाट बघत होता. हात खिशाकडे गेला, तिथे छोटा दिवा होता. तो पेटला की संपलंच. तिने हात मागे घेतला, आणि मनगट डोळ्यांसमोर आलं.

मनगटावर एक फिकट हिरवट गोल होता.

वेसेलने अर्धा तास त्या तबकडीवर उजेड ओतला होता, आणि तबकडीवरचा रंग तो उजेड पिऊन बसला होता. आकडे धूसर होते, पण सुई स्वच्छ दिसत होती. ओनालेना बुडबुड्यांपासून दोन ढांगा दूर सरकली. सुई जराशी थरथरली आणि शांत झाली. हा उजेड दोन-चार मिनिटांत मावळणार हे तिला ठाऊक होतं.

वीस अंश. ती निघाली. एक, दोन, तीन.

चौथ्या पायाला कुणीतरी तिची उजवी फिन धरली.

अंधारात वेसेलला तिचे बुडबुडे लांब जाताना ऐकू आले होते. दिवा पेटवला असता तर ती बघेल आणि आपण हरलो असं होईल. नाही पेटवला तर चौदा मीटर खाली, टाय लावलेल्या पुतळ्याच्या सोबतीने एकटंच राहावं लागेल. त्याने तिसरा रस्ता धरला आणि फिन सोडली नाही. ओनालेनाला लाथ मारायची अतिशय इच्छा झाली. पण लाथ मोजणीत धरावी लागली असती, आणि पास व्हायला दोघं लागत होते. ती त्याला ओढत गेली. नव्वद किलोचा माणूस, वर टाकी, वर टॅक्सीचा लोहचुंबक. नेहमीच्या साठ पायांऐवजी एकशेअकरा झाले. तबकडी जवळजवळ विझली होती. एकशेबाराव्याला खांब तिच्या कपाळावर आपटला. तिला इतकं बरं वाटलं की तिने खांबाला मिठी मारली.

वर जाताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. तिथे हिरवा उजेड होता. दोघं खांबाच्या दोन बाजूंना धरून समोरासमोर. नियमाप्रमाणे एकमेकांना "सगळं ठीक" अशी खूण करावी लागते. अंगठा आणि बोट जुळवून दोघांनी ती केली. इतक्या द्वेषाने केलेली ती खूण खांबावरच्या शेवाळानेही पहिल्यांदाच बघितली असेल.

धक्क्यावर लोक निखाऱ्यांवर बूरवोर्सचे सॉसेज भाजत उभे होते. मॅमनी नाव बांधली.

"आकडे?"

"सत्तेचाळीस आणि बारा," ओनालेना म्हणाली.

"बरोबर. खांबही बरोबर. आता चुका."

क्लबाची ही जुनी पद्धत होती. ओला सूट उतरवण्याआधी प्रत्येकाने सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगायची. लपवली तर जोडीदाराने सांगायची.

"एकच टायर तीनदा दिसेपर्यंत मी थांबले नाही," ओनालेना म्हणाली. "दुसऱ्या वेळीच थांबायला हवं होतं."

"बादेनहोर्स्ट?"

वेसेल नाक शिंकरत होता. "माझी काही चूक नाही."

ओनालेनाने तोंड उघडलं.

"थांब," वेसेल म्हणाला. "तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच सांगतो. पट्टीत लोहचुंबक आहे. सुई त्याच्याकडे ओढली जाते. होकायंत्र आणि दिवा एका हातावर ठेवायचा नाही. निदान माझ्या पट्टीवर नाही. आणि शेवटी मी दिवा मुद्दाम बंद केला होता. झालं?"

"मेची फेरी," ओनालेना म्हणाली.

"तीही माझीच. आता झालं?"

अकरा जणांनी आपापल्या हाताकडे बघितलं. त्यांत कूनी आणि रियाना हे नवरा-बायको होते. एप्रिलमध्ये पाण्याखाली एकमेकांना तीन वेळा हरवून त्यांनी शेवटी वेगळी घरं केली होती.

"म्हणजे तू मला मुद्दाम बसमागे सोडून गेली नव्हतीस," कूनी सॉसेज हातात धरून म्हणाला.

"मी तेच सांगत होते."

"मी तुझ्या आईला फोन करून जे बोललो..."

"हो."

"ते परत घेता येईल?"

"तिने लिहून ठेवलंय," रियाना म्हणाली.

मॅमनी पिशवीतून दोन कार्डं काढली. वेसेलचं हातात न देता थोडा वेळ धरून ठेवलं.

"आकडे बरोबर म्हणून पास. दिवा बंद केला म्हणून सहा महिने दर शनिवारी धक्का झाडायचा. आणि पट्ट्या आजच गोळा करा."

मग त्यांनी एक कागद पुढे केला. "जोडी मोडल्याचा अर्ज. दोघांच्या सह्या. कारण एकच लिहायचं, दोघांना मान्य असलेलं. दोन कारणं लिहिली तर मी घेत नाही."

"याला तर वर्ष लागेल," वेसेल म्हणाला.

"तुम्हीच लिहा मेनीर," ओनालेना म्हणाली. "मी चुका काढते."

वेसेलने पेन घेतलं. ओल्या हाताने कागदाचा कोपरा भिजवत त्याने एक ओळ लिहिली आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिथे लिहिलं होतं, "दोघांना एकमेकांबरोबर उतरायचं नाही."

ओनालेनाने ती ओळ दोनदा वाचली. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच सापडलं नाही, आणि त्याचाही तिला राग आला. तिने सही केली, कार्ड घेतलं आणि टाकी उचलून धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला गेली.